संग्रहालय पेटी : सोलापूरच्या शाळांत फिरणाऱ्या एका पेटीच्या नोंदी

मुलांनी वस्तू हाताळत शिकावं म्हणून शाळाशाळांतून फिरणारी ही पेटी. आपल्या केंद्रात, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, अशी पेटी करावी असं ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी या नोंदी. करणारे आम्ही म्हणजे जिल्हा परिषद शाळांतले काही शिक्षक, आणि जकार्डचे, म्हणजे मागावरची नक्षी ठरवणारे भोकांचे, पत्ते पंच करण्यात ज्यांची हयात गेली असे शहराच्या पूर्व भागातले एक अण्णा. पैसे खिशातले, वेळ शनिवार दुपारचा. सिद्धांत सांगत नाही, तो प्रशिक्षणांत पुष्कळ ऐकून झालाय.

22 जून 2024

पेटी कशाला, यावरच आज अर्धी बैठक गेली. एका सरांचं म्हणणं, मुलांना संग्रहालयातच न्यावं. न्यावंच. अक्कलकोटला संस्थानाचं शस्त्रागार आहे, तेरला लामतुरे संग्रहालय आहे, शहरात डॉ. कोटणीसांचं स्मारक आहे. पण बस, परवानगी, पालकांची संमतीपत्रं आणि जेवणाचा घोळ पाहता वर्षातून एक सहल होते, आणि त्यातही मुलांच्या लक्षात बसमधली अंताक्षरी राहते. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची ‘म्युझियम ऑन व्हील्स’ बस 2015 पासून गावोगाव फिरते आहे. कल्पना उत्तमच, पण बस एका दिवसाची पाहुणी. ती गेल्यावर शिक्षकाच्या हातात काय उरतं, हा आमचा प्रश्न.

आमच्यातल्या एका मॅडमनी हैदराबादला सीसीआरटीचं (सांस्कृतिक स्रोत व प्रशिक्षण केंद्राचं) प्रशिक्षण केलंय. त्यांना मिळालेला चित्रसंच शाळेच्या कपाटात आहे आणि किल्ली मुख्याध्यापकांकडे. खराब होईल म्हणून कुणी बाहेर काढत नाही. यावरून पेटीचा पहिला नियम ठरला: खराब झालं तरी चालेल असंच सामान ठेवायचं.

विषय तीन ठरले. सोलापुरी चादर, शिलालेखाचा ठसा आणि विडीकाम. 1930 च्या मार्शल लॉचाही आग्रह होता. आठवीच्या पुस्तकात सोलापूरचा सत्याग्रह आहे, आणि मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन ही फाशी गेलेल्या चौघांची नावं इथल्या पोरांना त्यांच्या चौकामुळे पाठ असतात. पण हातात धरता येईल अशी वस्तू काही सुचेना. छायाचित्रांच्या झेरॉक्स ठेवल्या असत्या तर तो तक्ताच झाला असता. सध्या बाजूला ठेवलंय.

6 जुलै

सामान गोळा करायचं म्हटल्यावर शाळाशाळांतून निरोप गेले आणि जे यायचं ते आलंच. पितळी अडकित्ते, कंदील, एक फुटका रेडिओ, भोकाचे पैसे. एका गुरुजींनी गावालगतच्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडावरून पिशवीभर खापरं आणली. लाल, काळी, एकावर नक्षीची ओळ. पाहून सगळे हरखले.

ती पिशवी पेटीत घेतली नाही. खापर कुठल्या थरात, कशाशेजारी सापडलं यावरच त्याचं सगळं सांगणं अवलंबून असतं. पिशवीत पडलं की ते मुकं झालं. शिवाय 1972 च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावशेष ठरू शकते, हस्तलिखितं 75 वर्षांचीही, आणि जमिनीत सापडलेल्या मौल्यवान वस्तूंसाठी 1878 चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. उद्या एखादं पोरगं शेतात सापडलेलं नाणं घेऊन आलं आणि आपण ते पेटीत टाकलं, तर उत्तर कोण देणार? गुरुजींना खापरं परत टेकाडावर ठेवायला सांगितलं. थोडे नाराज झाले. टेकाडाचे फोटो मात्र त्यांनी फार चांगले काढले होते. खापर जागेवर, शेजारी पट्टी ठेवून. ते फोटो घेतले.

नियम दुसरा: पेटीत खरी जुनी वस्तू एकही नाही. सगळं बाजारातलं, वापरातलं, नाहीतर आपण केलेलं.

पत्र्याची पेटी आणली, 1100 रुपये. फार देखणी आहे.

20 जुलै

चादर. दुकानातून एक नवी घेतली, 380 रुपये. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे हे सगळ्या शिक्षकांना ठाऊक असतं, सामान्यज्ञानाच्या पुस्तकात असतं. चादर जवळून पाहिलेली नसते. आमच्या चादरीत कापडाचे दोन पदर एकाच वेळी विणलेले आहेत आणि नक्षीच्या कडेला ते एकमेकांच्या जागा घेतात. त्यामुळे वरच्या बाजूला मरून जमिनीवर पांढरं फूल, तर उलटीकडे पांढऱ्या जमिनीवर मरून फूल. फुलाच्या पोटात चिमटीने धरलं तर दोन पदर सुटे होतात, मध्ये बोटभर पोकळी लागते. कडेला आलं की पोकळी बंद.

नऊ तुकडे केले. घरच्या कात्रीने कापले तर कडा लगेच सुटायला लागल्या, म्हणून टेलरकडून ओव्हरलॉक करून घेतलं, दहा रुपये तुकडा. एक तुकडा नजरचुकीने तसाच राहिला. त्याच्या कडेने ताणा (उभे धागे) आणि बाणा (आडवे धागे) एकेक करून ओढता येतात, आणि प्रत्येक मुलाला तोच हवा असतो. तुम्ही करताना दोन तुकडे मुद्दाम सुटे ठेवा. दर काही महिन्यांनी ते संपतील, मग नवे कापा.

धोटा (बाण्याचा धागा इकडून तिकडे नेणारा) आणि त्यात बसणाऱ्या धाग्याच्या कांड्या अण्णांनी आणल्या. धोट्याची लोखंडी टोकं टोचतात, त्यांवर बुचं बसवली.

3 ऑगस्ट

या प्रकल्पात सर्वांत जास्त वेळ जकार्डच्या मॉडेलने खाल्ला, म्हणून सविस्तर लिहिते.

जकार्डचं काम सांगायला सोपं आहे. पत्त्यावर जिथे भोक असतं तिथली सुई आत शिरते आणि तिच्याशी जोडलेला ताण्याचा धागा वर उचलला जातो. भोक नसेल तिथे पत्ता सुईला मागे ढकलतो, धागा खालीच राहतो. एक पत्ता म्हणजे बाण्याची एक ओळ. हे फळ्यावर समजावून पाहिलं तर मोठ्या शिक्षकांचेही चेहरे कोरे. हलणारी वस्तूच हवी.

आराखडा असा: प्लायवूडच्या दोन उभ्या फळ्या, मध्ये वीतभर अंतर, दोन्हींत आठ-आठ भोकं, त्यांतून आरपार आठ सायकलचे स्पोक. समोरून पत्ता दाबायचा. भोक असेल तिथला स्पोक जागेवर राहतो, नसेल तिथला मागे सरकतो.

पत्ते खोक्याच्या पुठ्ठ्याचे केले आणि ऑफिसच्या पंचने भोकं पाडली. पावसाळी हवेत पुठ्ठा मऊ पडला. स्पोक मागे सरकायच्याऐवजी पुठ्ठाच वाकत होता, एक तर आरपार फाटला. शिवाय पंच मशीनने भोकांमधलं अंतर सारखं येत नाही. पाच स्पोक नीट बसायचे, उरलेले कडेला अडायचे.

अण्णा शांतपणे बघत होते. मग म्हणाले, “मॅडम, तुम्ही फळी आधी करलालाव आणि पत्ता नंतर. पत्ता आधी की ओ.” दुसऱ्या दिवशी त्यांनी कारखान्यातून बाद झालेले खरे पत्ते आणले. जाड, कडक, वापरून गुळगुळीत झालेले.

17 ऑगस्ट

अण्णांचा पत्ता प्लायवूडवर ठेवून त्याच्या भोकांतून पेन्सिलने खुणा केल्या आणि सुताराकडून नव्या फळ्या भोकं पाडून आणल्या. आता पत्ता बरोबर बसतो. जुन्या फळ्या फुकट गेल्या.

स्पोक परत पुढे येण्यासाठी रबर लावले होते, ते आठवडाभरात सैल झाले. मुलांना रिकाम्या रिफिलची बॉलपेनं आणायला सांगितली आणि त्यांतल्या स्प्रिंगा काढून लावल्या. स्प्रिंग अडून राहायला स्पोकवर काहीतरी टेकू लागतो. आधी चिकटपट्टी गुंडाळली, ती घसरत होती. शेवटी इलेक्ट्रिकच्या दुकानात पट्टी कनेक्टर मिळाला. त्याचं प्लास्टिक कापलं की आत स्क्रूचे पितळी तुकडे असतात, ते स्पोकवर घालून कसले. तीस रुपयांत प्रश्न मिटला. हे पहिल्याच दिवशी सुचलं असतं तर श्रावणातले दोन शनिवार वाचले असते.

31 ऑगस्ट

मॉडेल चालतं, पण पाहणारा म्हणतो, “बरं, मग?” स्पोक हलले, पुढे काय?

म्हणून प्रत्येक स्पोकच्या मागच्या टोकाला लाल टेप लावली. पत्ता दाबला की मागे सरकलेल्या स्पोकांची लाल टोकं फळीबाहेर येतात. मुलांच्या हातात आलेखाचा कागद. लाल टोक दिसलं तो चौकोन मोकळा सोडायचा, दिसलं नाही तो रंगवायचा. एक पत्ता, एक ओळ. अण्णांनी आठ पत्त्यांची नक्षी पंच करून दिली. पाचवा पत्ता रंगवून होईपर्यंत कुणाला काही कळत नाही, मग कुणीतरी ओरडतं, “शंकरपाळं!”

याला अण्णांनीच एक खेळ जोडला. दोन पत्त्यांची अदलाबदल करून द्यायची आणि नक्षीत चूक कुठे पडली ते शोधायला लावायचं. कारखान्यात हेच काम करून त्यांना पगार मिळत असे.

28 सप्टेंबर

आता ठसा. हत्तरसंग कुडलचा शके 940 चा, म्हणजे इ.स. 1018 चा मराठी शिलालेख आपल्याच जिल्ह्यातला, भीमा-सीना संगमावरचा. त्याची शेवटची ओळ जो वाचेल तो विजयी होईल असं सांगते, त्यामुळे शिक्षकांचा तो फार लाडका. पण शाळेत त्याचं होतं काय? भिंतीवर फोटो लावला जातो आणि परीक्षेत ‘सोलापूर जिल्ह्यातील’ अशी गाळलेली जागा येते. असा लेख वाचतात कसा, हे मुलांनी हाताने करून पाहावं हा आमचा हेतू.

ठसा घेण्याची रीत जुनीच आहे. दगड धुवायचा, ओला कागद त्यावर पसरायचा, ब्रशने ठोकून कोरीव खाचांत बसवायचा, थोडा सुकू द्यायचा आणि मग शाईच्या बोळ्याने वरवर टिपायचं. उंच भाग काळा होतो, अक्षरं पांढरी राहतात.

मूळ शिलालेखाला हात लावायचा नाही, हे प्रशिक्षणात पहिल्या वाक्यात सांगा. संरक्षित जागी परवानगीशिवाय ठसा घेता येत नाही, आणि शाई दगडात मुरली की निघत नाही. एक उत्साही सर “रविवारी जाऊन घेऊन येतो की” म्हणाले होते, म्हणून हे मुद्दाम लिहिते.

मग दगड कुठला? टाकी लावलेला पाटा. नुकतीच टाकी मारून घेतलेला पाटा खाचांनी भरलेला असतो, आणि गावात मिक्सर आल्यापासून तो बहुतेक घरी दाराआड रिकामाच उभा असतो. आम्हाला एक मिळाला, ज्यावर टाकीवाल्याने मधोमध मासोळी कोरली होती.

कागदाने रडवलं. पतंगाचा कागद ओला होताच फाटला. झेरॉक्सचा कागद खाचेत उतरेना. ड्रॉइंगचा जाड कागद तर ठोकून ठोकून हात दुखला. शेवटी पुण्याहून मागवलेला पातळ हातकागद चालला, 300 रुपयांत पुरेसा आला. शिक्क्याच्या पॅडची शाई ओल्या कागदात पसरते आणि सगळं निळं होतं, म्हणून ब्लॉक छपाईची काळी शाई घेतली, 180 रुपये. बोळा म्हणजे कापसाचा गोळा आणि त्यावर जुन्या धोतराचं फडकं.

सर्वांत कठीण गोष्ट थांबणं. कागदावरची चकाकी गेली पण हाताला गारवा लागतो, ती वेळ नेमकी. आधी टिपलं तर शाई फुटते, उशीर झाला तर कागद दगड सोडून वर येतो. चाळीस मिनिटांच्या तासिकेत हे बसत नाही. मधल्या सुट्टीआधी कागद लावायचा आणि सुट्टीनंतर टिपायचं, असं बसवलं.

5 ऑक्टोबर

पहिली चाचणी, एका मोठ्या शाळेत सातवीच्या वर्गावर. पेटी घेऊन जातानाच पहिला धडा मिळाला. पत्र्याची पेटी सामानासकट दुचाकीवर राहत नाही. मागे बसलेल्या मॅडमनी ती मांडीवर धरली आणि पोहोचेपर्यंत त्यांचे पाय बधिर झाले. तिच्याऐवजी झाकणाचे दोन प्लास्टिकचे डबे आणि ते बसतील अशी कॅनव्हासची पिशवी शिवून घेतली, मिळून 870 रुपये. पत्र्याच्या पेटीत आता एका शाळेची भांडी आहेत.

दुसरी अडचण मोठी होती. प्रत्येक वस्तूबरोबर आम्ही रंगीत माहितीपुस्तिका छापली होती. सुंदर फोटो, चार परिच्छेद, 900 रुपये छपाई. वर्गशिक्षकांनी काय केलं, तर पुस्तिका उघडली आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. चादरीचा तुकडा त्यांच्या दुसऱ्या हातात होता, वाचता वाचता तो हवेत हलत होता आणि पन्नास डोळे त्याच्यामागे फिरत होते. तास संपला तेव्हा तुकडा पहिल्या बाकापर्यंत पोहोचला होता. त्यांचा दोष काहीच नव्हता. छापील मजकूर समोर आला की आपण शिक्षक तो वाचतोच, सवयच तशी आहे.

मग पुस्तिका काढून टाकल्या. आता प्रत्येक वस्तूसोबत एक कार्ड आहे आणि त्यावर फक्त प्रश्न. चादरीचं कार्ड असं:

हात लावा. कुठे जाड लागतं, कुठे पातळ?
उलटा करा. काय बदललं? काय बदललं नाही?
फुलाच्या मधोमध चिमटीत धरा. काय सापडलं?
हे एका माणसाने केलं असेल की अनेकांनी? कशावरून?

‘कशावरून’ हा शब्द प्रत्येक कार्डावर आहे. माहिती वेगळ्या बंद पाकिटात, आणि पाकिटावर ‘वीस मिनिटांनी उघडा’. त्यात जकार्डचं 1804 मधलं यंत्र, बॅबेजने आपल्या गणनयंत्रासाठी उचललेली भोकांच्या पत्त्यांची कल्पना, 1890 च्या अमेरिकी जनगणनेत हॉलेरिथने वापरलेले पत्ते, एवढंच. संगणकाचा धडा शिकवणाऱ्या सरांना हे पाकीट फार आवडलं.

विडीकामाच्या संचात सूप, कात्री, पानं कापायचा पत्र्याचा फर्मा आणि दोरा आहे. तंबाखू नाही, तेंदूपानही नाही, पानाच्या जागी हिरवा घोटीव कागद. तरी एका शाळेत ‘तंबाखूमुक्त शाळेत हे चालणार नाही’ म्हणून संच परत आला. त्यांची अडचण खोटी नाही, फलक त्यांच्याच भिंतीवर आहे. पण जिथे चालला तिथे काय झालं ते सांगते. वर्गात कधी तोंड न उघडणारी एक मुलगी उठली, फर्मा कागदावर ठेवला आणि कात्री न थांबवता चार तुकडे सरासर कापून दिले. मग सरांना म्हणाली, “खरं पान असतं तर आधी भिजवायचं, आणि मधली जाड शीर काढायची.” घरी हजार विड्या झाल्याशिवाय मजुरीचा हिशेब होत नाही, हेही तिनेच सांगितलं. त्या तासाला गणित, अर्थशास्त्र आणि नागरिकशास्त्र तिने एकटीने घेतलं. संच पेटीतून काढायचा नाही असं ठरलं. नको असेल त्या शाळेने तेवढा डबा घेऊ नये.

18 नोव्हेंबर

जागतिक वारसा सप्ताह 19 ते 25 नोव्हेंबर. त्यात शिक्षकांचं सत्र घ्यायचं असं जूनपासून ठरवलं होतं. विधानसभेचं मतदान 20 तारखेला लागलं. निम्मे शिक्षक मतदान केंद्रांवर, उरलेले राखीव. सत्र पुढे. मे-जून आणि निवडणुकीचे दिवस सोडूनच तारखा धरा, सप्ताह पुन्हा येतोच.

30 नोव्हेंबर

केंद्राच्या शिक्षण परिषदेत, म्हणजे शिक्षकांच्या बैठकीत, आम्हाला एक तास मिळणार होता. आधी माहिती भरायच्या लिंका, मग शिष्यवृत्तीचा आढावा, मग चहा. उरला अर्धा तास. प्रोजेक्टर होता, पीपीटी तयार होती, ती उघडलीच नाही. सरळ चादरीचे तुकडे वाटले.

खोलीत सगळे सोलापूरचे. घरोघरी ही चादर, लग्नात आहेर म्हणून दिलेली, रेल्वेत अंथरलेली. उलटीकडे रंग कसे असतात विचारलं तर उत्तरं तीन प्रकारची आली आणि भांडण लागलं. मग तुकडे उलटले गेले. “आयला, खरंच की” असं एक ज्येष्ठ गुरुजी म्हणाले, तेव्हा मला कळलं की आता पुढचं आम्ही बोलायची गरज नाही.

त्यानंतर प्रत्येक गटाला एकेक वस्तू दिली आणि सांगितलं की प्रश्न तुम्ही लिहा, कार्ड आम्ही छापू. इथे गाडी अडली. पहिल्या फेरीत आलेले प्रश्न असे: ‘धोटा म्हणजे काय?’ ‘सोलापूर कशासाठी प्रसिद्ध आहे?’ सगळे परीक्षेचे, उत्तर आधीच माहीत असलेले. आम्ही एकच अट घातली: वस्तू हातात न घेता ज्याचं उत्तर देता येतं तो प्रश्न बाद. खोलीत शांतता पसरली, मग हळूहळू धोटे फिरायला लागले. एका मॅडमचा प्रश्न: ‘याची कुठली बाजू जास्त घासलीय? का?’ तो आता कार्डावर पहिला आहे.

मागून एकाने विचारलं, “याचे तास धरणार का?” प्रश्न रास्त आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये शिक्षकासाठी वर्षाला 50 तासांचा व्यावसायिक विकास सांगितलाय आणि हिशेब शिक्षकालाच द्यावा लागतो. आम्ही परिषदेच्या वेळेतच सत्र घेतलं ते यासाठीच. वेगळी हजेरी, वेगळं प्रमाणपत्र असला व्याप नाही. केंद्रप्रमुख सरांनी परिषदेच्या इतिवृत्तात नोंद केली, तेवढं पुरे.

जाताना पेटीसाठी नाव नोंदवायला रांग लागली. जूनमध्ये आम्ही शाळोशाळी फोन करून विचारलं तेव्हा ‘बघू’ म्हणणारे हेच होते.

15 डिसेंबर

शिक्षकांनाच संग्रहालयात न्यायचं म्हणून रविवारी तेर. आधी फोन करून उघडं असल्याची खात्री केली. खर्च वर्गणीतून. गाडीत बहुतेकांना तेर म्हणजे गोरोबाकाकांचं गाव एवढंच माहीत. त्यामुळे आधी दर्शन, मग संग्रहालय. हा क्रम बदलायचा प्रयत्न करू नका.

रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावातून, नदीकाठातून जमवलेल्या वस्तूंवर हे संग्रहालय उभं आहे. सातवाहन काळातलं तगर ते हेच, रोमशी व्यापार करणारं. भाजलेल्या मातीच्या बाहुल्या, मणी, शंखाच्या बांगड्या आणि ती हस्तिदंती मूर्ती. तिच्यासारखीच एक मूर्ती इटलीत पॉम्पेईला राखेखाली सापडली. पॉम्पेई इ.स. 79 मध्ये गाडलं गेलं, म्हणजे त्याआधी ती मूर्ती समुद्रापार पोहोचलेली होती. सहावीला प्राचीन भारत शिकवणारे सर त्या कपाटासमोरून हलेनात.

शिक्षकांना दिलेलं काम एवढंच होतं: एक वस्तू निवडा, पंधरा मिनिटं तिच्यासमोर उभे राहा, फलक न वाचता चित्र काढा. पहिल्या पाच मिनिटांत सगळे मोबाईलवर फोटो काढत होते. मोबाईल गोळा करावे लागले, चक्क पिशवीत, वर्गात करतो तसे. मग चित्रं झाली. वाईट झाली, पण मण्याच्या भोकाच्या कडा झिजलेल्या आहेत, म्हणजे हार वापरातला होता, हे चित्र काढणाऱ्यालाच दिसलं.

25 जानेवारी 2025

गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत पेटी एका शाळेत अडकली आणि पुढची शाळा वाट पाहत बसली. नोंदवहीत ‘घेतली’ची तारीख होती, ‘परत कधी’ची नव्हती. आता दोन्ही रकाने आहेत, आणि परत करताना पुढच्या शाळेच्या शिक्षकासमोर सामान मोजायचं.

एक धोटा हरवला. कुणाला विचारलं नाही. अण्णांनी दुसरा दिला. कार्डं लॅमिनेशन केलेली आहेत तरी कोपरे दुमडलेत. पाकिटं मात्र बहुतेक शाळांत पहिल्याच मिनिटाला उघडली जातात. त्यावर उपाय सापडला तो एका शाळेतल्या मॅडमचा: पाकीट वर्गातल्या सर्वांत शिस्तीच्या पोराकडे द्यायचं आणि वेळ त्याने पाहायची.

8 फेब्रुवारी

हिशेब. टिकलेल्या सामानाचा खर्च 2800 रुपये: चादर 380, ओव्हरलॉक 80, प्लायवूड आणि सुतार 250, स्पोक-कनेक्टर 90, हातकागद 300, शाई 180, सूप-कात्री-फर्मा 240, डबे आणि पिशवी 870, कार्डं आणि लॅमिनेशन 410. वाया गेलेला 2000: पत्र्याची पेटी आणि माहितीपुस्तिका. म्हणजे वाचणाऱ्याने पुस्तिका आणि पेटी टाळली की काम तीन हजारांच्या आत होतं.

दुसरी पेटी माळढोक पक्ष्याची करावी असं नान्नजच्या माळढोक अभयारण्याकडच्या शिक्षकांचं म्हणणं आहे. पीस, अंडं असलं काही ठेवता येणार नाही, वन्यजीव कायदा आहे. पायाच्या ठशाचा साचा आणि गवताचे नमुने यांवर विचार चालू आहे. तोवर चादरीच्या पेटीची दुसरी प्रत निघतेय. पत्ते अण्णांनी पंच करून दिलेत, फळ्या सुताराकडे पडून आहेत. स्पोक घेताना सगळे एकाच मापाचे घ्या. दुकानदार मिसळून देतो, आणि एक जरी जाड निघाला तरी तो भोकात अडतो.